आजीचा पेला

नगर, 9 नोव्हेंबर

लाडक्या चिमे,

काल तू म्हणालीस, "आई, नाताळच्या केकची रेसिपी व्हॉट्सअॅपवर टाक." चार ओळींत मावणारा केक नाही गं तो, म्हणून हे पत्र.

काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, सुके आलुबुखार (तिकडे प्रून म्हणतात) आणि साखरेत मुरवलेली संत्र्याची साल, सगळं मिळून अर्धा किलो घे. मोठी फळं मनुकेएवढी चिर. त्यावर दीडशे मिली दारू, निम्मी रम आणि निम्मं कॉफीचं लिक्युअर. डब्लिनला आहेस म्हणून तिथलं बेलीज लिक्युअर ओतू नकोस. त्यात साय असते, फळांत महिनाभर मुरत ठेवायची ती वस्तू नव्हे. घट्ट झाकणाची काचेची बरणी घे आणि दिवसाआड उलटीसुलटी कर. आजच भिजव.

आजीच्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती, ती फळं कोऱ्या चहात भिजवायची. लग्नानंतर दुसऱ्या नाताळाला मी गुपचूप रम घातली. तिने एक फोड खाल्ली, दुसरी मागितली आणि म्हणाली, "औषधाचा वास येतोय, पण छातीला बरं वाटतं." तेव्हापासून आमच्याकडे रमला औषधच म्हणतात.

ओव्हन तेव्हा कुणाकडे होता? करंज्या, शंकरपाळी घरी व्हायची, केकचं मिश्रण मात्र डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचं. डब्यावर खडूने नाव. एका वर्षी खडू पुसला गेला आणि आमच्या घरी कुणाचा तरी टुटीफ्रुटीचा पिवळाधमक केक आला. आमचा कुणी खाल्ला देव जाणे. आजी इस्टरपर्यंत त्या बेकरीवाल्याशी बोलली नाही.

चॉकलेट ही माझी भर. 200 ग्रॅम लोणी आणि 100 ग्रॅम डार्क चॉकलेट उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात वितळव. पाण्याचा थेंब आत गेला तर चॉकलेटचा गोळा होतो, जप. कोमट झालं की 180 ग्रॅम ब्राऊन शुगर, चार अंडी, 175 ग्रॅम मैदा, 75 ग्रॅम बदामाची पूड, 30 ग्रॅम कोको, अर्धा चमचा बेकिंग पावडर, दालचिनी, जायफळ. शेवटी फळं. मिश्रण घट्ट हवं, पातळ झालं तर फळं तळाला बसतात.

आठ इंची टिनला आतून बटर पेपरचे दोन थर लाव. 150 अंशांवर पावणेदोन तास, तुझा पंख्याचा ओव्हन असेल तर 130. रंगावर जाऊ नकोस, कोकोमुळे तो पहिल्यापासून काळाच दिसतो. सुईही फसवते, वितळलेलं चॉकलेट लागलं की वाटतं कच्चा आहे. दीड तासाने टिन बाहेर काढ आणि जरा कान जवळ ने. आतून बारीक चरचर येत असेल तर परत आत ठेव. आवाज जवळजवळ थांबला की झाला. आजी भट्टीवर अशीच डब्याशी कान लावून उभी राहायची, लोक हसायचे.

गार झाल्यावर बटर पेपर, वरून फॉइल. आठवड्याला दोन चमचे औषध पाज. 24 डिसेंबरपर्यंत कापायचा नाही, मैत्रिणींनाही सांग.

आणि मापाचा कप विकत घेऊ नकोस. आजीचा पितळी पेला तुझ्या लाल बॅगेत, शालीच्या घडीत ठेवलाय. काठोकाठ भरला की बरोबर दीडशे मिली.

तुझी,
आई