तक्रार: डब्यावरची सूचना एक, तांत्रिक माहितीपत्रकातली भलतीच

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: गंजावर लावायचे द्रावण, प्रायमर आणि स्प्रे एनॅमल यांच्या एकत्रित संचावरील चुकीच्या सूचनांबाबत

महोदय / महोदया,

जुन्या पेट्रोल लॉन मोवरचे गंजलेले भाग साफ करून रंगवण्यासाठी मी तुमच्या कंपनीचा संच घेतला. त्यातल्या रंगाला सुरकुत्या पडल्या, डेकच्या, म्हणजे पात्यावरच्या पत्र्याच्या आवरणाच्या, आतल्या बाजूचे पोपडे निघाले आणि टाकीजवळचा रंग पेट्रोलच्या थेंबाने विरघळून फडक्याला लागला. यावर तुमच्या ग्राहक सेवा केंद्राने ‘पृष्ठभागाची पूर्वतयारी योग्य प्रकारे न केल्यामुळे असे होऊ शकते’ एवढे एका ओळीचे उत्तर पाठवून तक्रार बंद करून टाकली. मी ती बंद केलेली नाही, म्हणून हे पत्र.

पूर्वतयारीचाच ठपका आहे, तेव्हा आधी तिचेच सांगते. प्लगची वायर काढली, टाकी रिकामी केली, इंजिन डेकवरून उतरवले, पाते आणि चाके सोडवली. डेकच्या आत वर्षानुवर्षांच्या गवताचा वाळून दगड झालेला थर होता. मोवरचा डेक सडतो तो बहुतेक आतूनच. ओले गवत पात्याच्या झोताने वर फेकले जाते, पत्र्याला चिकटते आणि तिथेच दमट राहते. त्यात खडे लागून रंगाचे टवके उडालेले असले की ओल थेट पत्र्यापर्यंत पोचते. तो थर पट्टीने खरवडला, साबणाच्या पाण्याने धुतला, पूर्ण सुकू दिला. मग ड्रिलला वायर ब्रश लावून सुटा गंज उडवला, चाकांच्या ब्रॅकेटच्या वळणांत ब्रश पोचत नाही तिथे हाताने एमरी पेपर मारला, शाबूत राहिलेल्या जुन्या रंगाची चकाकी मोडली आणि शेवटी थिनरच्या फडक्याने तेलकटपणा काढला. तुमच्या डब्यावर मात्र सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापले आहे: ‘घासण्याची गरज नाही, थेट गंजावर लावा.’ म्हणजे जी मेहनत तुम्ही नको म्हणता ती मी केली, आणि ती केली नाही असे तुम्हीच मला ऐकवता. दोन्हींपैकी एक काय ते ठरवा.

आता द्रावण. त्यात फॉस्फोरिक आम्ल आहे हे डब्यामागच्या धोक्याच्या सूचनेत बारीक अक्षरांत दिले आहे. हे आम्ल गंजाचे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे, रूपांतर लोह फॉस्फेटमध्ये करते. ज्या द्रावणांत टॅनिक आम्ल असते त्यांतून निळसर काळे टॅनेट तयार होते. तत्त्व खरे आहे आणि जिथे पातळ, घट्ट बसलेला गंज होता तिथे तुमच्या द्रावणाने काळपट करडा थर नीट धरला, तेही मान्य. घोटाळा होतो तो दोन टोकांना. घासून पांढऱ्या झालेल्या पत्र्यावर गंजच उरलेला नसतो. तिथे द्रावण थोडीच क्रिया करते आणि बाकीचे आम्ल तसेच पडून राहते. डेकच्या वरच्या बाजूला ते रात्रभरानंतरही बोटाला चिकटत होते आणि सुकले तिथे पांढरट भुकटी आली. या भुकटीवर प्रायमर मारला की प्रायमर पत्र्याला नाही, भुकटीला धरतो. खाली राहिलेले आम्ल ओल खेचते आणि रंगाला फोड येतात. माझ्या डेकवर पोपडे निघाले ते नेमके अशाच जागांवर. निघालेल्या पोपड्याची मागची बाजू मी नखाने खरवडून पाहिली, ती पिठासारखी पांढरी होती. फोटो सोबत आहे.

दुसरे टोक जाड गंजाचे. गवत बाहेर पडते त्या तोंडावरचा पत्रा तसाही टाकाऊच होता, म्हणून त्यावर तुमचे म्हणणे शब्दशः पाळून पाहिले: घासला नाही, खरवडला नाही, थेट द्रावण, त्यावर प्रायमर, त्यावर रंग. वरून छान दिसला. चाकू घालून उचकटला तेव्हा रंग, प्रायमर आणि काळा थर मिळून एकच खपली सुटली आणि खाली तपकिरी गंज जसाच्या तसा. द्रावण वरचा थर काळा करते, आतपर्यंत पोचत नाही. आत राहिलेला गंज वाढतच जातो, आणि मूळ लोखंडापेक्षा तो जास्त जागा व्यापत असल्यामुळे वरचा रंग ढकलून बाहेर काढतो. लोखंडाचे काम करणाऱ्या कुणालाही हे ठाऊक आहे. तुमच्या तांत्रिक विभागालाही ठाऊक आहे, कारण माहितीपत्रकात तसे लिहिले आहे.

हे माहितीपत्रक संचाच्या खोक्यात नव्हते. मी पुन्हा पुन्हा मागितल्यावर ते मेलने आले. पाठवणाऱ्याने ते वाचले नसावे, नाही तर पाठवलेच नसते. त्यात लिहिले आहे: सुटा गंज ‘पूर्णपणे’ काढावा, उघड्या धातूवर द्रावण वापरू नये, जादा द्रावण ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. डब्यावर लिहिले आहे: ‘लावल्यानंतर पुसू नये.’ आता ग्राहकाने काय करावे, तुम्हीच सांगा.

सुरकुत्यांचे प्रकरण याहून सरळ आहे. डब्यावर ‘दुसरा कोट ४ तासांनंतर’ अशी सूचना आहे. तेवढा वेळ थांबून मी दुसरा हात मारला. आधी काही दिसले नाही, ओला रंग सपाट आणि चकचकीत होता. मग ब्रॅकेटजवळच्या कडेपासून तो आखडू लागला आणि बघता बघता डेकचा अर्धा भाग दुधावरच्या सायीसारखा गोळा झाला. कारण गूढ नाही. अशा एनॅमलमधले द्रावक आधी उडून जाते, म्हणून रंग हाताला कोरडा लागतो. पण तो खरा पक्का होतो हवेतला ऑक्सिजन घेऊन, आणि त्याला वेळ लागतो. या अर्धकच्च्या अवस्थेत वरून नवा हात पडला की त्यातले द्रावक खालच्या थरात शिरते, थर फुगतो आणि सुरकुततो. म्हणूनच तुमचे माहितीपत्रक म्हणते की दुसरा हात १ तासाच्या आत मारावा, नाही तर ४८ तास थांबावे. डब्यावरचे ४ तास बरोबर या दोहोंच्या मधे, जिथे मारूच नये तिथे पडतात. ही छपाईची चूक असेल तर ती किती डब्यांवर आहे? आणि मुद्दामच तसे छापले असेल, काम एका दिवसात उरकते असे वाटावे म्हणून, तर तेही लिहून कळवा.

पूर्वतयारीची सबब पुन्हा येणार हे ओळखून मी एक साधी परीक्षा घेतली. कधीही न गंजलेल्या नव्या पत्र्याचे दोन तुकडे थिनरने पुसले, दोन्हींवर तुमचाच प्रायमर आणि तुमच्याच कॅनमधला पहिला हात मारला. दोन्ही एकाच जागी, एकाच हवेत ठेवले. एकावर दुसरा हात ४ तासांनी मारला, दुसऱ्यावर ४८ तासांनी. पहिला सुरकुतला, दुसरा गुळगुळीत राहिला. इथे गंज नव्हता, द्रावण नव्हते आणि हवामान दोघांना सारखेच होते. ग्राहक सेवेतून नंतर ‘दमट हवेमुळे’ असेही उत्तर आले होते, त्याचा निकाल याच दोन तुकड्यांत लागतो. ते जपून ठेवले आहेत, माणूस पाठवलात तर दाखवीन.

पेट्रोलबद्दल थोडक्यात. तुमच्या स्प्रे कॅनवर चित्र कशाचे आहे? लॉन मोवरचे. चित्रात टाकीचे झाकणसुद्धा दिसते. टाकी भरताना एखादा थेंब सांडतोच, त्यासाठी निष्काळजी असावे लागत नाही. पूर्ण सुकू दिलेल्या रंगावर असा थेंब पडला, तो लगेच पुसला, आणि फडक्यावर हिरवा डाग, खाली प्रायमर. माहितीपत्रकात ‘इंधनाचा संपर्क टाळावा’ असे आहे. मग चित्र बागेतल्या खुर्चीचे छापा. पेट्रोलला टिकणारे रंग असतात, हार्डनर मिसळून वापरायचे दोन भागांचे. तुमचा हा रंग त्या जातीचा नाही आणि ग्राहकाला ते घेण्याआधी कळले पाहिजे. डब्यावर ‘इंजिनच्या भागांसाठीही उपयुक्त’ असेही आहे. सायलेन्सरला लागणारा उष्णतारोधक रंग वेगळा असतो हे माहीत असल्यामुळे मी तिथे हा मारला नाही. ज्याला माहीत नसेल तो तुमच्या शब्दावर विसंबून मारील, आणि मशीन सुरू होताच रंग जळून धूर निघेल.

तुमच्या केंद्राशी झालेला पत्रव्यवहार उगाळत बसत नाही. फोटो पाठवा म्हणाले, पाठवले. ते पाहिल्याची खूण न देता पुन्हा फोटो मागितले. शेवटी पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन आले. ते मी वापरणार नाही.

माझे म्हणणे असे. संचाची पूर्ण रक्कम परत करा, आणि बिघडलेला रंग उतरवण्यासाठी लागलेल्या पेंट रिमूव्हरचा खर्च द्या. दोन्हींची बिले सोबत आहेत. बदली संच पाठवू नका. सूचना त्याच असतील तर सुरकुत्याही त्याच पडतील. डब्यावरची ४ तासांची सूचना, ‘घासण्याची गरज नाही’ हे वाक्य आणि लॉन मोवरचे चित्र यांचे काय करणार ते लेखी कळवा, आणि दुरुस्ती केलीत तर ती जितक्या मोठ्या अक्षरांत चूक आहे तितक्याच मोठ्या अक्षरांत करा. बाजारात असलेल्या डब्यांवर निदान चिकटपट्टी तरी लावता येईल.

आणखी एका गोष्टीचे उत्तर मला ग्राहक सेवेकडून नको, तांत्रिक विभागाकडून हवे. पत्र्यावर उरलेले आम्ल पूर्ण काढण्यासाठी नुसते पाणी पुरेल, की सोड्याच्या पाण्याने धुऊन मग स्वच्छ पाणी घ्यावे लागेल? पुढे मी त्यावर इपॉक्सी प्रायमर मारणार आहे आणि खाली आम्ल राहिले तर तोही धरणार नाही. रंग उतरवलेला डेक सध्या उघडा आहे. उघड्या पत्र्याला गंज धरायला वेळ लागत नाही, तेव्हा एवढे उत्तर पैशांच्या निर्णयासाठी अडवून न ठेवता आधी पाठवा.

आपली,
एक ग्राहक

सोबत: खरेदीची आणि पेंट रिमूव्हरची बिले, डब्याच्या बुडावरील बॅच क्रमांकाचा फोटो, डेकचे व पोपड्यांचे फोटो, पत्र्याच्या दोन्ही तुकड्यांचे फोटो, तुम्हीच पाठवलेल्या माहितीपत्रकाची प्रत (संबंधित ओळी अधोरेखित).