रुळाचा खिळा परत करावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील, विदर्भातल्या मूर्तिजापूर–अचलपूर लाईनीवर धावणाऱ्या ‘शकुंतला’ या जुन्या छोट्या आगगाडीच्या ओसाड स्टेशनावरचा सचित्र लेख मी सोमवारी वाचला. सोमवारी अशासाठी, की आमच्या गावी पुरवणी रविवारच्या अंकासोबत येत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने येते. याविषयी वितरण विभागाला मी दोनदा लिहिले आहे. ताशी वीस किलोमीटरने धावणारी शकुंतलासुद्धा तुमच्या पुरवणीपेक्षा लवकर पोहोचत असे, एवढेच येथे नमूद करतो.

लेखकाची भाषा चांगली आहे आणि छायाचित्रे तर सुरेखच आहेत. परंतु ‘नाव हरवलेले स्टेशन’ म्हणजे काय? फलक गेला म्हणून नाव जात नाही. बनोसा आणि अंजनगाव यांच्यामधल्या त्या स्टेशनापासून गाव हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथल्या कोणत्याही शेंबड्या पोराने नाव सांगितले असते. विचारण्याची तसदी मात्र घ्यायला हवी होती. मी ते नाव या पत्रात मुद्दामच लिहिलेले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

ज्या ‘गूढ वेलींनी’ इमारत वेढली आहे असे लेखक म्हणतात ती बेशरमाची झुडपे आहेत. भिंतीवर कोळशाने ओढलेल्या ज्या रेघांचा अर्थ त्यांना लागला नाही, तो मेंढीकोटाचा हिशेब आहे. गाडीची वाट पाहताना दुसरे काय करणार? त्यांतल्या काही रेघा माझ्या स्वतःच्या आहेत आणि त्या हरल्याच्या आहेत. ‘शेवटपर्यंत वाफेवर धावलेली गाडी’ हेही खरे नाही. 1921 साली मँचेस्टरला तयार झालेले आणि 1923 पासून या लाईनीवर राबलेले इंजिन 15 एप्रिल 1994 रोजी उतरवले गेले. त्यानंतरची वीसहून अधिक वर्षे डिझेलची आहेत. आमच्या काळ्या मातीतला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाईनीवर चढवून मुंबईमार्गे मँचेस्टरला पाठवण्यासाठी ही अडीच फुटी लाईन टाकली गेली. इंग्रज गेल्यावर मालकी किलिक निक्सनच्या खासगी कंपनीकडेच राहिली आणि गाडी सरकारी रेल्वेने चालवली, त्यामुळे ‘इंग्रजांनी बांधले आणि सोडून दिले’ हे वाक्य ऐकायला गोड असले तरी खोटे आहे.

असो. चुका कोणाकडूनही होतात आणि एवढ्याने मी पत्र लिहायला बसलो नसतो. पुरवणीच्या तिसऱ्या पानावर एक तरुण ‘कोठाराच्या झरोक्यात’ पाय सोडून बसला आहे. संपादक महाशय, तो झरोका नाही, ती तिकीटखिडकी आहे.

1993 च्या जुलैमध्ये मला डी.एड.च्या प्रवेशासाठी अचलपूरला जायचे होते. चार दिवस झड लागली होती. आमच्या भागात पाऊस लागला की काळी माती बैलगाडीचे चाकही सोडत नाही आणि एसटी तर त्या दिवसांत गावाकडे फिरकत नसे. दिवसातून एकदा जाणारी आणि एकदा परतणारी शकुंतला तेवढी चालू असायची. बाबा आणि मी चपला हातात घेऊन, पोटऱ्यांपर्यंत चिखलातून स्टेशनाकडे निघालो आणि अर्ध्या वाटेवर असतानाच गाडी येऊन उभी राहिलेली दिसली. आता गेली, असे म्हणून बाबा थांबले. गाडी मात्र हलली नाही. गार्डसाहेबांनी आम्हाला वावरातून येताना पाहिले होते. आमच्या स्टेशनावर त्या काळी मास्तर नव्हता आणि तिकिटे गार्डच देत असत. आम्ही धापा टाकत डब्याशी पोहोचलो आणि बाबांनी तिथेच पैसे पुढे केले, तेव्हा ते म्हणाले, “तिकीट खिडकीवर भेटते.” मग ते स्वतः खाली उतरले, पावसात चालत इमारतीत गेले, आतून खिडकी उघडली, पुठ्ठ्याचे तिकीट आणि सुटे पैसे बाबांच्या हातात ठेवले, खिडकी बंद केली, परत चालत आले आणि हिरवा झेंडा दाखवला. सगळी गाडी तेवढा वेळ उभी होती आणि कोणी हूं की चूं केले नाही. मी आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. त्या खिडकीत बुटांसकट पाय सोडून बसलेला मुलगा पाहून मला काय वाटले असेल, हे आपल्याला सांगावे लागू नये.

आता नाव न लिहिण्याचे कारण. लेखाच्या अखेरीस लेखकाने मोठ्या कौतुकाने लिहिले आहे की, ‘आठवण म्हणून रुळाचा एक गंजलेला खिळा’ त्यांनी सोबत आणला. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या, माझ्याच वर्गातून शिकून गेलेल्या एका मुलाने असेच दोन खिळे भंगारात घालण्यासाठी उचलले होते. त्याला दिवसभर बसवून ठेवले गेले आणि त्याच्या आईला हातातले काम टाकून हात जोडायला जावे लागले. त्याने केली ती चोरी आणि तुमच्या लेखकाने आणली ती आठवण, हा फरक कोणत्या कायद्यात लिहिला आहे ते मला शोधून सापडले नाही. स्टेशनाचे नाव छापून आले की पुढच्या रविवारी आणखी चार गाड्या भरून आठवणी गोळा करणारे येतील आणि खिडकीची चौकटही शिल्लक राहणार नाही.

तरी लेखक महोदयांनी तो खिळा आपल्या कार्यालयात जमा करावा आणि आपण तो माझ्या सोबतच्या पत्त्यावर पाठवावा, ही विनंती. टपालखर्च मी देईन. पुरवणीबरोबर मात्र पाठवू नये.

कळावे,
आपला,
एक शिक्षक, तालुका अंजनगाव सुर्जी