गणपतीला येत नाहीये, रागावू नका

आई, बाबा,

आई, हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव, चष्मा अजून बदलला नसणारच त्यांनी.

यंदा गणपतीला मी येत नाहीये. ठरवलंय. फोनवर बोललो असतो तर तू रडली असतीस आणि मी लगेच एसटीत बसलो असतो, म्हणून लिहितोय. व्यसनमुक्ती सेंटरमधून बाहेर पडून वीस दिवस झाले, आता एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ग्रुपच्या, ९० दिवसांत ९० मीटिंगा करायच्यात, एकही चुकवायची नाही. आणि विसर्जनाच्या रात्री गल्लीत काय चालतं ते तुम्हाला माहितीये, तेवढी ताकद अजून माझ्यात नाही. घराचा कंटाळा आला असं मनातही आणू नका, मोदक तर रोज डोळ्यासमोर येतात.

बाबा, तुम्ही माळेचं विचारलंत. आळंदीला घातलेली कशी तुटली ते तुम्हीच बघितलंय. दरवेळी मी आयुष्यभराची शपथ घ्यायचो आणि तीही एकट्याच्या जोरावर. एएत दारू सोडायच्या पायऱ्या असतात, त्यातली पहिलीच ही की दारूपुढे माझं काही चालत नाही हे कबूल करायचं, मग फक्त आजचा दिवस. म्हणून आत्ता शपथ मागू नका.

आणि तुम्हाला वाटतं तसं हे एए ख्रिश्चनांचं नाही हो. सुरुवात अमेरिकेतली, १९३५ ची. एक माणूस पाच महिने प्यायला नव्हता, परगावी हॉटेलात प्यावंसं वाटायला लागलं तर फोनाफोनी करून त्याने दुसरा पिणारा गाठला, एक डॉक्टर, आणि त्याच्याशी बोलत बसला. पायऱ्यांत देव 'आपल्याला जसा समजला तसा' असं लिहिलंय. माझा विठोबाच आहे. एक जण म्हणतो देव मानत नाही, हा ग्रुपच माझा देव, त्यालाही कोणी काही बोलत नाही.

शाळेच्या वर्गात मीटिंग असते, पोरांच्या बाकांवर गुडघे वर करून बसतो आम्ही. काल एक नवीन माणूस आला, हात इतके थरथरत होते की चहा सांडत होता, शेजारच्याने काही न बोलता त्यातला अर्धा आपल्या कपात ओतून घेतला. मला तू आठवलीस आई, तापात पेज बशीत ओतून फुंकर मारायचीस ती.

जेवणाची काळजी नको, मेसची भाकरी चांगली असते, ग्रुपमधल्याच दोघांबरोबर खोली घेतलीय. परवा रात्री दोनला तल्लफ आली, स्पॉन्सरला, म्हणजे मला सांभाळून घेणाऱ्या ग्रुपमधल्या जुन्या माणसाला, फोन केला तर तो स्कूटर काढून आला आणि उजाडेपर्यंत बसला.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी चुकवायची नाही. माझं देणं मागायला कोणी आलं तर एक रुपया द्यायचा नाही, माझा नंबर द्या. पुढे आठव्या पायरीला, ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची असते, स्पॉन्सर म्हणतो घाई नको, पण पहिलं नाव मला आत्ताच माहितीये. आई, तुझ्या पाटल्या. आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा असतात, जवळ कुठे आहे बघून कळवतो, एकदा जाऊन ये ना गं. प्यायचो मी, झोप तुझी गेली.

माळ देव्हाऱ्यातच राहू दे. माझ्या वाटणीचे मोदक शेजारच्या पोरांना दे, फ्रीजमध्ये ठेवून वाळवू नकोस. ९० झाले की येतो.

तुमचा,
बाळू