कव्हरवरचं नाव

नाशिकरोड,
रविवार, सकाळ

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

बाबांच्या डोळ्याची पट्टी अजून निघाली नाही, म्हणजे हे पत्र आईच वाचून दाखवणार. आई, सावकाश वाच आणि मधलं काही गाळू नकोस. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. घरी सगळं ठीक आहे. तुळशीला दोन्ही वेळा पाणी घालते, दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहून ठेवते. बाबांच्या टेबलाशी बसूनच लिहितेय.

इंग्लंडमध्ये माझ्या कादंबरीला बक्षीस मिळालं नाही, हे दादाने सांगितलंच असेल. वाईट वाटलं. रात्री हॉटेलच्या खोलीत रडलेही. पण त्या संध्याकाळचं तुम्हाला खूप काही सांगायचंय.

आई, तुझी येवल्याची पैठणी नेसले होते. काठाजवळ जिथे तू रफू केलंयस, ती जागा निऱ्यांमध्ये घेतली. एका बाईंनी पदरावरच्या मोरावरून बोट फिरवत विचारलं, हे मशीनवर करतात का? मी सांगितलं, आमच्या जिल्ह्यात येवल्याला विणकर मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि अशा एका साडीला महिनेच्या महिने जातात. मग आमच्या टेबलावरच्या सगळ्याजणी उठून पदर बघायला आल्या. पडद्यावर एकेका गटातली पुस्तकं दाखवत होते. आमच्या गटाचं नाव पुकारायची वेळ आली, तेव्हा शेजारच्या बाईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांचंही पुस्तक त्याच यादीत होतं. आमची ओळख होऊन तासही झाला नव्हता. नाव तिसरीचंच आलं आणि आम्ही दोघींनी हात न सोडता, उरलेल्या एकेका हाताने टेबल वाजवलं.

ही संस्था कोणती, हे बाबांनी जाताना विचारलं होतं आणि मी गडबडीत नीट सांगितलं नाही. तिचं नाव रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशन. १९६० साली इंग्लंडमधल्या प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी एकत्र येऊन काढली. डेनिस रॉबिन्स पहिल्या अध्यक्षा, बार्बरा कार्टलंड उपाध्यक्षा. पहिल्या भाषणात रॉबिन्सबाईंनी जे मांडलं ते असं: ग्रंथालयांना विचारा, सगळ्यात जास्त माणसांना सगळ्यात जास्त आनंद देणारी पुस्तकं हीच, आणि तरी ती लिहिणाऱ्यांना जवळजवळ माफी मागत लिहावं लागतं, हे आता थांबलं पाहिजे. हे वाचलं तेव्हा मला थेट तू दिसलीस, आई. शनिवारी सिटी बसने शालिमारला उतरून सार्वजनिक वाचनालयात जायचीस. १८४० सालचं वाचनालय, किती पिढ्यांनी तिथून पुस्तकं नेली असतील. तू दोन पुस्तकं आणायचीस. चरित्र असलं की ते बाहेरच्या खोलीत टेबलावर. कादंबरीला मात्र वर्तमानपत्राचं कव्हर चढायचं आणि ती पिठाच्या डब्यामागे जायची. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये तू ती उभ्याने वाचायचीस. बारा वर्षांची असल्यापासून तुझ्या मागोमाग मीही ती वाचत आले. तुला माहीत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारते.

या बक्षिसाला आधी साधे वाचक पुस्तकं वाचून गुण देतात, मग यादी परीक्षकांकडे जाते. मला यातच सगळ्यात जास्त आनंद आहे. इंग्लंडमधल्या कुठल्याशा गावात कुणीतरी आपल्या निफाडची द्राक्षबाग वाचली. त्या बागेवरून माझं संपादिकेशी केवढं झालं होतं! तिने लिहिलं, वेलीची छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात होते. तुमच्या पुस्तकात ती दोनदा आली आहे, एक काढून टाकू या. मी तिला चार पानं लिहिली. त्यांच्याकडे थंडीत वेल झोपते, आपल्याकडे झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची, ती काडी तयार होण्यासाठी. मग ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, घडासाठी. माझी नायिका नायकाला नाही म्हणते ती खरड छाटणीच्या दिवसांत, सगळी बाग बोडकी झालेली असताना. काडी पिकायला जेवढे महिने लागतात तेवढे तिलाही लागतात. एक छाटणी काढली असती तर कादंबरीच उरली नसती. मामांच्या मागे बागेत फिरताना शिकलेलं आहे हे, मामांना जरूर सांगा. एका वाचकाने लिहून कळवलं की छाटणीचं प्रकरण परत मागे जाऊन वाचलं. तो कागद मी मामांसाठी जपून ठेवलाय.

तिकडेही सगळ्यांना सारखीच दारं उघडी होती असं नाही. अमेरिकेत प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्यांच्या संघटनेचा रिटा म्हणून पुरस्कार होता. १९८२ पासून चाललेला, सुरुवातीला त्याचं नाव वेगळं होतं. त्यात एखाद्या कृष्णवर्णीय लेखिकेला जिंकायला २०१९ साल उजाडावं लागलं. यादीतलं माझं नाव मी एवढ्यांदा का वाचलं, ते यावरून कळेल.

आता नावाचं.

बाबा, माझं पहिलं पुस्तक आलं तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, आपलं आडनाव नको घालूस, सिक्युरिटी प्रेसमधली माणसं विचारतील. मी टोपणनाव घेतलं. ज्या गावात कुसुमाग्रज आणि कानेटकर राहिले त्या गावात तुम्ही वाढलात. कुसुमाग्रजांना १९८७ चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा तुम्ही अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. साहित्य म्हटलं की तुमच्यासमोर ती उंची असते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कुसुमाग्रजांनी तर पृथ्वीलाच सूर्याच्या प्रेमात पाडलं, आणि ती कविता तुम्हाला तोंडपाठ आहे. मला ती तुम्हीच शिकवलीत.

हीथ्रोला रांगेत उभी असताना माझ्या हातात पासपोर्ट होता. तुमच्या प्रेसमध्ये छापलेला. समोरच्या अधिकाऱ्याने पान उजेडाकडे जरा तिरकं धरलं, अंगठ्याने कागद चाचपला, आणि मला नेहरूनगरचं आपलं क्वार्टर आठवलं. माझ्या शाळेच्या वह्यासुद्धा तुम्ही तशाच बघायचात, खिडकीशी नेऊन, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून. तपासणीत चौतीस वर्षं काढलीत, आणि स्वतःचा पासपोर्ट कधी काढला नाहीत. त्या अधिकाऱ्याने माझं नाव मोठ्याने वाचलं. पूर्ण नाव, मध्ये तुमचं, शेवटी आपलं आडनाव. लग्नानंतरही मी ते बदललं नाही तेव्हा तुम्ही काही बोलला नव्हतात, पण संध्याकाळी जिलेबी आणली होती.

समारंभात मात्र छातीवर दुसऱ्याच नावाचा बिल्ला होता. लोक हाक मारायचे आणि मी क्षणभर उशिराने वळायचे. पाकीट उघडलं जात असताना माझ्या मनात आलं, ते नाव पुकारलं तर उठून कोण जाणार? त्या वेळी मला बक्षिसापेक्षा आपलं आडनाव ऐकावंसं वाटत होतं. दोन वर्षांपूर्वीही माझं एक पुस्तक याच यादीत होतं. तेव्हा मी गेले नाही आणि तुम्हाला सांगितलंही नाही. कुणाला दाखवणार होते? नाव तर माझं नव्हतंच. त्याचं आजही दुःख होतं.

तिसरी कादंबरी दिवाळीपर्यंत पूर्ण होईल. तिच्यावर मी माझं खरं नाव घालणार आहे. ठरवलंय. परवानगी मागत नाहीये, बाबा, पण बाहेरून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं. तुम्हाला अवघड वाटलं तर तसं सांगा. मी बडोद्याला येईन, आपण बोलू. आई, तुझं मत या वेळी वेगळं कळव, बाबांचं तेच माझं असं लिहू नकोस.

डोळ्यात थेंब वेळेवर घाला, डोळा चोळू नका. दादा-वहिनींना नमस्कार, पिल्लांना पापे. कव्हरचं प्रूफ आलं की मी कागदावर मोठं छापून आणीन. तोवर पट्टी निघालेली असेल. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग बाबांनीच तपासायचंय, खिडकीशी नेऊन, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून.

तुमची,
बेबी