फॉर्म भरण्याआधी

प्रिय सोनू,

फोनवर तू म्हणालीस, विशेष गरजा असलेलं मूल दत्तक घ्यायचं ठरलंय. मागून जावईबापूंचा आवाज आला, "पुण्याचं काम आहे, आई!" त्यांना सांग, पुण्यासाठी सिद्धिविनायक आहे. कर्णबधिर मुलांच्या शाळेत माझी सगळी नोकरी झाली. दयेपोटी मुलाला घरी आणणारे लोक मी पाहिलेत. वर्षभर कौतुक चालतं, मग "आम्ही याच्यासाठी किती केलं" हा हिशेब सुरू होतो, आणि तो त्या पोराला कळतो.

कागदावर एकाच यादीत दिसणारी ही मुलं किती निरनिराळी असतात! दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेनं सांधतो. तान्हेपणी प्लॅस्टर घालत गेलं तर वाकडं पाऊल बहुतेक सरळ होतं. थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा जन्मजात आजार, म्हणजे मात्र दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचाली नीट होत नाहीत त्यात, व्यायाम रोजचा, आणि तुमची इमारत बिनलिफ्टची, घर तिसऱ्या मजल्यावर. सात वर्षांचं मूल उचलून कोण चढणार? ऐकू न येणाऱ्या बाळाची तपासणी वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत होईल, कानाचं मशीनही मिळेल. ते जितकं लवकर लागेल तितकी भाषा चांगली येते. पण बोलायला शिकवायचं घरीच, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, रोज, तेच तेच शब्द. त्याला चिकाटी लागते. ती तुझ्यात आहे, जावईबापूंचं मला अजून माहीत नाही.

म्हणून जे झेपेल त्यालाच हो म्हण. बाकीच्यांना नाही म्हणताना अपराधी वाटून घेऊ नकोस.

'कारा' म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या पोर्टलवर नोंदणी झाली की समाजसेविका घरी येतील. त्यांच्यासाठी घर चकाचक करू नकोस, खरं बोल. मुलाचा वैद्यकीय अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवता येतो, तो दाखवच. 2022 पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तो निघाला की मूल पोटच्यासारखंच तुमचं, वारसाहक्कासकट.

तुझ्या सासूबाई म्हणतात, "आधी सांभाळून बघा, जमलं तर दत्तक घ्या." त्यांनी प्रतिपालकत्वाबद्दल कुठेतरी ऐकलं असणार. ती वाट वेगळी आहे. त्यात मूल तुमच्या घरी राहतं, पण त्याच्याबद्दलचे निर्णय बालकल्याण समितीकडे असतात, आणि मुलं बहुधा सहा वर्षांपुढची. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांनी अशा मुलाला दत्तक घेता येतं, पूर्वी पाच लागायची. पण मूल म्हणजे दुकानातून पसंतीला आणलेली साडी नव्हे. हे त्यांना तू सांगू नकोस, मी सांगेन. आम्ही दोघी भांडलो तरी चालेल.

रविवारी दोघं या. ऑफिस, लोकल, थेरपी, शाळा, सगळं एका कागदावर मांडू. माझी मंगळवार आणि शुक्रवारची दुपार धरून चाला. बाकीच्या दिवसांचं माझे गुडघे ठरवतील.

तुझी,
आई