विशेष अधिकाऱ्याच्या अहवालाला उत्तर कोण देणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल; तोवर बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसाने दाद कोणाकडे मागायची?

राज्यांची फेरमांडणी करणाऱ्या १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनेच कलम ३५०अ आणि ३५०ब घटनेत आणले. पहिले मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचे, दुसरे भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याचे. भाषावार राज्ये केली तरी कोणी ना कोणी अल्पसंख्य उरणारच, ही जाण त्यामागे होती.

पण या अधिकाऱ्याच्या हाती आहे काय? चौकशी करायची आणि राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा. तो संसदेपुढे ठेवला जातो, राज्याकडे पाठवला जातो. पुढे राज्याने काय केले, हे सांगण्याचे बंधन ३५०ब कोणावरच घालत नाही. मराठीतून परिपत्रके आणि उतारे मिळावेत म्हणून इथली माणसे वर्षानुवर्षे निवेदने देत आहेत.

मूळ घटनेतल्या कलम ३३८ खाली अनुसूचित जाती-जमातींसाठीही असाच विशेष अधिकारी होता. १९९० च्या ६५व्या दुरुस्तीने त्याच्या जागी आयोग आणला. साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला दिले. राज्याशी संबंधित अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो आणि शिफारस मान्य नसेल तर कारणेही द्यावी लागतात. २०१८ च्या १०२व्या दुरुस्तीने मागासवर्ग आयोगाला हाच दर्जा मिळाला. ३५०ब मात्र १९५६ मध्ये होते तिथेच आहे.

या अधिकाऱ्याच्या अहवालालाही विधिमंडळापुढे उत्तर देणे राज्याला बंधनकारक करावे, असे माझे म्हणणे आहे. यावर, राज्यांच्या अधिकारांवर केंद्राचे अतिक्रमण होईल, असा आक्षेप येईल. मला तो पटत नाही. कारभार राज्याकडेच राहील, फक्त आपल्या विधिमंडळाला उत्तर द्यावे लागेल. जत, अक्कलकोटच्या कन्नड भाषकांनाही याचा तितकाच आधार होईल. शिवाय ज्या दुरुस्त्यांना निम्म्या राज्यांची संमती लागते त्यांत ३५०ब येत नाही. संसदेतले विशेष बहुमत पुरेसे आहे.

कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरते. मराठी भाषकांविषयीचा अहवाल आणि त्यावरचे सरकारचे लेखी उत्तर तिथेच मांडले जावे. दोन्ही राज्यांच्या खासदारांनी ३५०ब मध्ये तशी दुरुस्ती करणारे विधेयक एकत्र येऊन संसदेत आणावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, खानापूर