बाबा, तुमचा कुऱ्हाडवाला सध्या माझ्याकडे आहे

बेंगळूर
नवरात्रातला रविवार

तीर्थरूप आई आणि बाबांस साष्टांग नमस्कार.

फोन रोज होतो, मग पत्र कशाला, असं आई पाकीट बघूनच म्हणाली असेल. फोनवर बाबा दोन मिनिटांत "हं, आईशी बोल" म्हणतात, आई स्पीकर लावते आणि पलीकडच्या काकूही ऐकत बसतात. त्यात "जेवलीस का" विचारलंत की सांगायचं ते मी विसरते. कधी कधी मुद्दाम विसरते. म्हणून जाड पेनानं, मोठ्या अक्षरात लिहिलंय. बाबांनी स्वतः वाचायचं. आई, तू वाचून दाखवू नकोस, तू गाळून वाचतेस.

जेवते. रोज. शुक्रवारच्या रात्रीच्या बसनं पाठवलेलं तिखट पोचलं, डबा सांडला नव्हता. कोपऱ्यावरच्या खानावळीत ज्वारीची भाकरी मिळते, उत्तर कर्नाटकवाल्यांचीच आहे, भाकरी आपल्यासारखीच पातळ. फक्त भात इथला काही खरा नाही, तो मी घरीच लावते, तुमच्या पोत्यातला. पोतं अर्ध्यावर आलंय.

आता मुद्दा. बाबा, मी ती पेटी उघडली. सिंहाच्या जबड्याची. आणि तुमच्याशिवाय पुढे खेळले.

लिहिलं एकदाचं. तीन आठवडे झाले याला. रोज फोनवर तुम्ही "काय चाललंय" विचारता आणि मी "काही नाही" म्हणते, तेव्हा टेबलावर तोच डाव मांडलेला असतो.

आई, तुला हा खेळ कधी कुणी नीट सांगितलाच नाही, तू आतून "उंदरं मेली का" एवढंच विचारायचीस. हा एकमेकांविरुद्ध खेळायचा खेळ नव्हे. सगळे एका बाजूला, राक्षस दुसऱ्या बाजूला. नाव 'जॉज ऑफ द लायन', २०२० साली आला. त्याचा थोरला भाऊ 'ग्लूमहेवन', २०१७ चा. त्याची पेटी दहा किलोच्या आसपास, म्हणून मी धाकटा घेतला, माझा टेबल तुला माहीत आहे. आयझॅक चिल्ड्रेस नावाच्या माणसानं हे रचलं. पेटीत २५ डाव आहेत आणि ते गोष्टीसारखे एकाला एक जोडलेले. आज मिळवलेलं सोनं उद्याच्या डावात हातात असतं, नवी जागा सापडली की नकाशावर तिचा स्टिकर चिकटवायचा. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या वेळी बाबा इथं अडीच महिने राहिले तेव्हा आम्ही आठ डाव केले. त्यातले पहिले पाच तर शिकवण्यासाठीच असतात. पण बाबांनी तेही असे खेळले की जणू नंदगडच्या शाळेत इन्स्पेक्टर आलाय.

बाबांचा गडी कुऱ्हाडी फेकणारा. माझी बाई दुसऱ्याला बरं करणारी, दुसऱ्याकडून वार करवून घेणारी. म्हणजे एकटी असली तर फारशी कामाची नाही. (आई, यावरून लग्नाचा विषय काढू नकोस.)

बाबा, मी किती वाट बघितली ते तरी ऐका. तुम्ही परत गेल्यावर आपण फोनवर खेळून बघितलं, मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून. तुम्हाला पट दिसेना, वडगावात पाऊस सुरू झाला की आवाज तुटायचा, आणि तुम्ही म्हणायला लागलात, "तू सांग, मी हो म्हणतो." मग मे महिन्यात मी पेटीच घेऊन आले. तेव्हा हातात पत्ते थरथरत होते आणि तुम्ही ते उपडे ठेवून "आज उकडतंय" म्हणालात. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या जुन्या फूटपट्टीला खाच पाडून पत्ते उभे राहतील असं केलं. खेळलातही एक फेरी. मग खुर्चीतच डोळा लागला. मी पट तसाच ठेवला, आईनं संध्याकाळी दिवा लावताना तो उचलला. त्यानंतर मी विचारलं नाही आणि तुम्हीही विषय काढला नाहीत. श्रावण गेला, गणपती गेले.

मी दुसरं कुणी बघितलं नाही असंही नाही. ऑफिसातल्या दोघीतिघी शनिवारी जमतात, चांगल्या आहेत, त्यांनी बोलावलंही. पण एक जण तुमचा गडी घेणार म्हणाली आणि माझ्याच्यानं ते झालं नाही. कुणाच्या तरी हातात तुमची कुऱ्हाड द्यायची, तिनं दोन मिनिटांत चाल खेळून टाकायची! तुम्ही एका चालीला चहा थंड करायचा. मी काहीतरी कारण सांगून परत आले.

मग एकदा रविवारी इथं दिवसभर पाऊस होता. उघडली.

एकट्यानं खेळायचं तर नियमानं किमान दोन गडी चालवावेच लागतात. म्हणजे तुमचा मला घ्यावाच लागला, हे आधी लक्षात घ्या. समोर माणूस लागत नाही. राक्षसांचेही पत्ते असतात, ते उलटले की कोण पुढे सरकणार, कुणाला मारणार ते पत्ताच सांगतो. पण एकट्याला राक्षस एक पायरी वरचे घ्यायचे, असा नियम आहे. आई म्हणेल, एकट्या जिवाला आणखी छळ कशाला? त्याचं कारण मला पटलं. दोघं खेळतात तेव्हा आपल्या पत्त्यावरचा आकडा दुसऱ्याला सांगायचा नसतो. आकडा लहान तर चाल आधी, मोठा तर नंतर. आपण फक्त "मी लवकर जातेय", "मी जरा मागून येतो" एवढंच म्हणायचं. एकट्याला मात्र दोन्ही हात दिसतात. त्याच्यापासून काही लपलेलं नसतं, म्हणून समोरचं थोडं जड.

आणि इथंच मला तुमचा खोकला आठवला. एकदा खोकलं की आकडा वीसच्या आत, दोनदा खोकलं की पन्नासच्या पुढे. मला वाटलं तुम्ही हे बेंगळुरात शोधून काढलं. मग उमगलं की हा तोच, मेंढीकोटातला. लाइट गेलेली, कंदील मध्ये, बाहेर माग थांबल्यामुळे कधी नव्हे ती शांतता, तुम्ही माझ्यासमोर बसलेले आणि हातात दश्शी असली की तुमचा घसा खवखवायचा. आत्यानं पकडलं त्या रात्री तुम्ही खरोखरच आल्याचा काढा मागून घेतलात आणि सगळा प्यायलात. मी सात वर्षांची होते. मला तेव्हा वाटलं, माझ्या बाबांएवढं शूर कुणी नाही.

पहिल्या दिवशी मी तुमचे पत्ते तुमच्या फूटपट्टीत लावले, तुमच्या बाजूला, तोंड तुमच्या खुर्चीकडे. मग उठून तिकडे जाऊन बघायचे, परत येऊन माझे बघायचे. दोन तास हे चाललं. घरमालकीण वाटी द्यायला आल्या, त्यांनी बघितलं. त्यांना वाटायचं ते वाटो. आता मी एकाच बाजूला बसते, गुडघ्यांना बरं.

तुमचा गडी मी तुमच्यासारखाच खेळवते. पत्ते जपून. दर विश्रांतीला एक पत्ता त्या डावापुरता कायमचा जातो, पत्ते संपले की गडी थकून बाहेर, हे माहीत असूनही तुम्ही छोटीच विश्रांती घ्यायचा आणि न बघता काढण्यात नेमका चांगला पत्ता जायचा. लांब विश्रांतीत कुठला टाकायचा ते आपण ठरवतो, शिवाय दोन जखमा भरून येतात, पण ती फेरी बसून काढावी लागते. "बसून कोण राहतो," म्हणायचा. (आई सांगत होती, दुपारी आडवे होत नाही म्हणून. कळलं मला.) वाराच्या वीस पत्त्यांत एकच शून्याचा, वार फुकट घालवणारा. तो निघाला की मी तुमच्याऐवजी म्हणते, "नळ आला आणि पाणी गेलं."

आता जे सांगायला जड जातंय ते. तुमच्या गड्याची ती एक लाडकी कुऱ्हाड आहे ना, जोरात लागते पण फेकली की जाऊन परत आणावी लागते. तुम्ही कायम आधी ती आणायला जायचा. समोर चार राक्षस असोत. खानापूरच्या स्टँडवर छत्रीसाठी गेलात आणि शेवटची बस गेली, तसं. नवव्या डावात मीही तसंच केलं, कारण तुम्ही तसंच केलं असतंत. हरले. परत मांडला, परत आणायला पाठवलं, परत हरले. हरलं तरी मिळालेलं सोनं राहतं, त्यामुळे फार नुकसान नाही. तिसऱ्या वेळी मी कुऱ्हाड तिथंच पडू दिली, गड्याला दाराकडे नेलं आणि जिंकले.

जिंकल्यावर मला मुळीच बरं वाटलं नाही. बराच वेळ ती सोंगटी तशीच टेबलावर होती. मी भांडी घासली, गॅस पुसला, मग येऊन तिला पेटीत ठेवलं. पुढच्या डावाच्या सुरुवातीला कुऱ्हाड आपोआप हातात असते. काही हरवत नाही, काळजी नसावी.

त्यानंतर आणखी दोन झाले. स्टिकर मात्र एकही चिकटवलेला नाही. नकाशावर पेन्सिलीनं खूण करून जागा मोकळ्या ठेवल्यात, ते काम तुमचं. चिकटवायला हात थरथरला तर थरथरू दे, वाकडा लागला तर वाकडा.

आणि तुम्हाला कायमचं इकडे आणायचा हट्ट मी सोडलाय. मे महिन्यात आईशी त्यावरून बोलले ते जरा जास्तच बोलले. सकाळी अंगणात तरुण भारत, अकराला दूधवाल्याशी राजकारण, हे इथं चौथ्या मजल्यावर मला देता येणार नाही. मी दिवाळीला येते, राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट झालंय, धनत्रयोदशीला सकाळी घरी. नकाशा आणते. खेळायचं नसेल तर खेळू नका, शेजारी बसा आणि मी चुकले की "छ्या" म्हणा.

आता बाबा, तुमचा खोकला. हा आकड्यांचा नाही, फोनवर मला ऐकू येतो आणि आई दरवेळी "गार पाणी प्यायले" म्हणते. गणपतीपासून आहे म्हणजे दोन आठवड्यांच्या वर झाला. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला दाखवायचाच असतो, थुंकी तपासायची, छातीचा फोटो काढायचा. बहुतेक काही निघणार नाही. रक्तदाबाची गोळी श्रावणात बदलली होती ना? काही गोळ्यांनी नुसता कोरडा खोकला येतो, तेही असू शकेल. म्हणून गोळीची पट्टी सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवा. पण गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. बाबा, मी तुम्हाला ओळखते. नाही म्हणजे नाही. धाकट्याला सांगितलंय, तो सोमवारी दहाला गाडी घेऊन येईल. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून त्याला चहा पाजून परत पाठवू नका.

आई, मागच्या दारची फरशी शेवाळली असेल, ब्लीचिंग टाकून घासून घे, म्हणजे बाईकडून घासून घे, तू नव्हे. माळ्यावर कुणी चढायचं नाही, आकाशकंदील मी आल्यावर काढू. रताळी एवढ्यात पाठवू नकोस, मागची अजून आहेत. आणि मी एकटीच बोलते म्हणून घाबरू नकोस, तूसुद्धा देवाशी बोलतेस, तोही उत्तर देत नाही.

तुमची,
थोरली

ता. क. पार्सलमध्ये रबरी चपला आहेत, आठ नंबर, तळवा खरखरीत असलेल्या. बाबा, त्या न्हाणीसाठी आहेत, कपाटात ठेवण्यासाठी नव्हेत. सोमवारी डॉक्टरांकडून आलात की आईच्या फोनवरून नको, तुमच्या फोनवरून करा.